मंगळावरच्या दगडात ही टिंबांची रांग कुणी काढली?

कागल तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या मॅडमनी मला पाच फोटो पाठवलेत. सगळे मंगळावरच्या रोव्हरनी, म्हणजे तिथं पाठवलेल्या यंत्रगाड्यांनी, काढलेले. मुलांच्या मोबाइलवर ते आले मात्र लाल गोल आणि बाण मारून, खाली ‘शास्त्रज्ञही चक्रावले’ असं लिहून. पहिल्यात दगडावर सरळ ओळीत बारीक टिंबं. दुसऱ्यात वाळूवर टिंब-रेघ, टिंब-रेघ अशी ‘लिपी’. तिसऱ्यात कड्यात कोरलेलं दार. चौथ्यात फरशी बसवल्यासारखी षटकोनी नक्षी. पाचव्यात दगडाच्या अंगावर बिबट्यासारखे ठिपके. वर्गात म्हणे एक जण ओरडला, ‘मॅडम, ह्यो तर दरवाजाच हाय!’ मॅडमचा प्रश्न असा, की हे सगळं नैसर्गिक आहे एवढं सांगून मी मोकळी होऊ का?

नका होऊ. पाचातले पहिले दोन फोटो नैसर्गिक नाहीतच. ती टिंबं मुद्दाम पाडलेली आहेत आणि ती लिपी खरोखरची लिपी आहे. फक्त दोन्ही आपण पृथ्वीवरून पाठवलेल्या यंत्रांनी केलंय.

मी चौतीस वर्षं भूशास्त्र शिकवलं. पोरांना घेऊन पन्हाळा, मसाई पठार, गगनबावड्याचा घाट तुडवला. या काळात एक सवय लागली. खूण दिसली की ती कशासारखी दिसते हे बाजूला ठेवायचं आणि ती कुणाची आहे ते आधी विचारायचं. यंत्राची, कॅमेऱ्याची की दगडाची? ही सवय फजितीतून लागलीय. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मसाई पठाराच्या कडेला मुरमात मला चार समांतर चर दिसले. सारख्या अंतरावर, सारख्या खोलीचे, अगदी सरळ. मी गुडघ्यावर बसून मोजमापं घेतली, रेखाटन केलं आणि वहीत चक्क ‘हिमनदीचे ओरखडे?’ असं लिहिलं. कोल्हापुरात हिमनदी! शेजारी शेरडं घेऊन उभा असलेला धनगर बराच वेळ बघत होता. शेवटी म्हणाला, ‘साहेब, काल रस्त्याला मुरूम काढाय जेसीबी आलता. त्येचं दात हायती ते.’ ती वही अजून आहे माझ्याकडे.

निसर्गाला रेघ सरळ काढता येते, गोलही काढता येतो. पण सारखं अंतर राखून, सारख्या मापात, तीच गोष्ट पुन्हा पुन्हा करणं त्याला क्वचितच जमतं. असं काही दिसलं की आधी जवळपास यंत्र कुठं आहे ते शोधायचं. मंगळावर तर शोधायचीही गरज नाही, कारण फोटो काढणारं यंत्रच तिथं उभं असतं.

आता पहिला फोटो. क्युरिऑसिटी रोव्हर ऑगस्ट २०१२ मध्ये गेल विवरात उतरला. त्याच्या मानेवर, म्हणजे उंच दांड्यावर, केमकॅम नावाचं उपकरण आहे. ते सात मीटरपर्यंतच्या दगडावर लेझर मारतं. एक झटका सेकंदाच्या काही अब्जांश भागाइतकाच टिकतो, पण तेवढ्यात टाचणीच्या डोक्याहून लहान जागेतला दगड पेटून त्याची वाफ होते. त्या ठिणगीच्या उजेडाचे रंग वेगळे करून दगडात लोह किती, कॅल्शियम किती, सिलिका किती ते काढतात. गुजरीत सोनार कसोटीवर कस लावतो, तसाच हा प्रकार, फक्त सात मीटर लांबून. लेझरचा पहिला मान ‘कोरोनेशन’ नाव दिलेल्या मुठीएवढ्या दगडाला मिळाला. १९ ऑगस्ट २०१२ ला त्याच्यावर दहा सेकंदांत तीस झटके मारले.

मग रांग कशासाठी? एका टिंबावरून दगड कळत नाही. गाळाच्या खडकात थर असतात, मधून पांढऱ्या शिरा गेलेल्या असतात. त्यांना आडवं छेदून पाच किंवा दहा टिंबांची ओळ मारली, की थरागणिक काय बदललं ते कळतं. कधी तीन ओळींत तीन-तीन अशी नऊ टिंबंही मारतात. कठीण दगडावर खड्डा जेमतेम पडतो, वरची धूळ तेवढी उडते. मऊ दगडात मात्र छान भोकं दिसतात. मुलांनी ‘कुणीतरी टोचलंय’ म्हटलं असेल तर त्यांना पैकीच्या पैकी मार्क द्या.

याच घरातल्या आणखी खुणाही फिरत असतात. लाल दगडात करकरीत गोल भोक आणि भोवती राखाडी भुकटी दिसली, तर तो ड्रिल. क्युरिऑसिटीचं भोक १.६ सेंटीमीटर रुंदीचं असतं. फेब्रुवारी २०१३ मध्ये ‘जॉन क्लाइन’ या खडकात पहिलं पूर्ण भोक पाडलं, तेव्हा आतून लाल नव्हे तर राखाडी पीठ निघालं. मंगळाचा लाल रंग बराचसा वरवरचा आहे हे तेव्हा डोळ्यांनी दिसलं. त्या भोकाशेजारी दुसरं उथळ भोक दिसतं, ते चाचणीसाठी आधी पाडलेलं. दगडावर लंबगोल स्वच्छ डाग असेल तर तो तारेच्या ब्रशनं धूळ झाडल्याचा. पर्सिव्हरन्स या नंतरच्या रोव्हरच्या फोटोंतली पाच सेंटीमीटरची गुळगुळीत चकती खरवडण्याच्या पात्यानं केलेली असते. आधीच्या ऑपर्च्युनिटी आणि स्पिरिट या रोव्हरच्या चकत्या साडेचार सेंटीमीटरच्या. रोव्हर कोणता हे माहीत असेल तर चकतीचं माप आधीच सांगता येतं.

दुसऱ्या फोटोतली लिपी मोर्सची आहे, म्हणजे तारेनं संदेश पाठवायची टिंब-रेघांची. क्युरिऑसिटीची सहाही चाकं ॲल्युमिनियमची, व्यास अर्धा मीटर. प्रत्येक चाकाच्या पट्ट्यात आरपार खाचा ठेवल्यात: टिंब, रेघ रेघ रेघ, टिंब, रेघ रेघ, टिंब, टिंब, रेघ, टिंब टिंब. तारखात्यात काम केलेले कुणी आजोबा ओळखीत असतील तर त्यांना दाखवा, ते वाचतील: जे, पी, एल. म्हणजे जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरी, कॅलिफोर्नियातली नासाची प्रयोगशाळा, जिनं हा रोव्हर बांधला. यात नाव मिरवण्याची हौस आहेच, पण काम त्याहून मोठं आहे. वाळूत चाक जागच्या जागी फिरतं, हे उसाच्या फडात ट्रॉली अडकलेल्या कुणालाही सांगायला नको. चाक किती फिरलं हे मोजून गाडी किती पुढं गेली ते कळत नाही. म्हणून रोव्हर मागं वळून आपल्या चाकोरीचा फोटो काढतो. चाकाच्या एका फेरीला गाडी साधारण १५७ सेंटीमीटर पुढं सरायला हवी, म्हणजे दोन खुणांतलं अंतरही तेवढं. ते कमी भरलं तर चाक घसरतंय. सपाट, एकसारख्या वाळूत मोजायला पट्टी नव्हती, म्हणून त्यांनी ती चाकातच कोरली. पर्सिव्हरन्सच्या चाकांना ही लिपी नाही. वाळूत मोर्स दिसला तर तो फोटो क्युरिऑसिटीचाच.

चाकांनी न ठरवता पाडलेल्या खुणा मला जास्त आवडतात. जानेवारी २०१४ मध्ये ऑपर्च्युनिटीच्या समोर अचानक एक दगड ‘प्रकट’ झाला. चारेक सेंटीमीटरचा, कडा पांढरी, मधे गडद लाल, जॅम भरलेल्या डोनटसारखा. त्याच जागेच्या बारा मंगळदिवस आधीच्या फोटोत तिथं काहीच नव्हतं. जगभर बोंब उठली. पुढच्या महिन्यात उलगडा झाला: रोव्हरनं वळताना चाकाखाली एक दगड फोडला होता, त्याचीच कपची उतारावरून घरंगळत तिथं येऊन बहुधा पालथी पडली होती. मूळ फुटका दगडही चाकोरीत सापडला. कदाचित अब्जावधी वर्षं जमिनीकडं तोंड करून असलेली बाजू पहिल्यांदाच उजेडात आली, म्हणून रंग वेगळा. स्पिरिटचं तर पुढचं उजवं चाक २००६ मध्ये बंदच पडलं. लंगडं चाक ओढत जाताना जमिनीवर चर पडायचा. २००७ मध्ये अशाच एका चराच्या तळाशी पांढरीशुभ्र माती उघडी पडली. तपासली तर जवळपास नव्वद टक्के सिलिका. म्हणजे तिथं कधीकाळी गरम पाणी किंवा वाफ असली पाहिजे. चाक धड असतं तर रोव्हर त्यावरून निघून गेला असता.

कॅमेऱ्याच्या खुणांवर फार वेळ घालवत नाही, कारण त्या तपासणं सोपं आहे. एप्रिल २०१४ मध्ये क्युरिऑसिटीच्या फोटोत क्षितिजावर दिव्यासारखा उजेड दिसला. त्या कॅमेऱ्याला दोन डोळे आहेत. उजव्यात उजेड होता, त्याच क्षणी काढलेल्या डाव्यात नव्हता. अंतराळातून येणारा वेगवान कण सेन्सरला धडकला की असा पांढरा ओरखडा उमटतो. किंवा उन्हाचा कवडसाही असू शकतो. पण डोंगरावरचा दिवा एकाच डोळ्याला दिसत नसतो. नासा हे सगळे फोटो आल्याबरोबर खुले करते. प्रत्येक फोटोसोबत कोणता कॅमेरा आणि कितवा मंगळदिवस हे दिलेलं असतं. म्हणून लाल गोल मारलेला फोटो आला की आधी मूळ फाइल शोधायची, मग तिची जोडीदार, मग आदल्या आणि पुढच्या दिवसाची. निम्मी भुतं इथंच उतरतात.

उजेडाची दिशा मात्र भल्याभल्यांना फसवते. वर्गात टेबलावर ओल्या वाळूची परात ठेवा, अंगठ्यानं चार खळगे करा, खोलीत अंधार करून बाजूनं टॉर्च मारा आणि फोटो काढा. मग तो उलटा धरा. खळगे उंचवटे होतील. आपल्या मेंदूला उजेड वरून येतो असंच वाटत असतं, त्याला इलाज नाही. २५ जुलै १९७६ ला व्हायकिंग १ यानानं कक्षेतून टिपलेला तो प्रसिद्ध ‘चेहरा’ असाच मावळतीच्या सावल्यांचा होता, वर फोटोत गाळलेल्या माहितीचे काळे ठिपके, त्यातला एक नेमका नाकपुडीच्या जागी. १९९८ आणि २००१ मध्ये मार्स ग्लोबल सर्व्हेयर या यानानं जवळून बघितलं तर झिजलेली टेकडी.

तिसरं, म्हणजे दार. हा फोटो क्युरिऑसिटीनं ७ मे २०२२ ला काढला. दाराचं माप सांगितलं की गंमत निघून जाते: उंची तीस सेंटीमीटर, रुंदी चाळीस. तुमच्या फळ्याजवळची एक फुटी पट्टी उभी धरली की संपलं दार. मांजर जाईल आत, तेही वाकून. मुळात कापलेल्या फोटोत माप नसतंच, म्हणून त्यात राक्षसही मावतो आणि मुंगीही. मूळ रुंद चित्र पाहिलं तर तो अख्खा उतार सरळ भेगांनी भरलेला दिसतो. जिथं अशा भेगा एकमेकींना छेदतात तिथला ठोकळा सुटून पडतो आणि चौकट उरते. आपल्याकडे खाणीत काम करणारे वडार पहार कुठं घालायची ते दगडाकडे नुसतं बघून ठरवतात, ते याच भेगांच्या जिवावर. पन्हाळ्याच्या कड्याखाली उभं राहून वर पाहा, असली दहा दारं मोजाल.

चौथा फोटो मात्र वर्गात पूर्ण तासभर घ्यावा असा आहे. गेल विवरातली ही षटकोनी नक्षी क्युरिऑसिटीला २०२१ मध्ये दिसली, तिच्यावरचा शोधनिबंध २०२३ मध्ये आला. एकेक षटकोन साधारण चार सेंटीमीटरचा. ‘चिखल वाळला की भेगा पडतात’ हे उत्तर बरोबर आहे, पण अर्धंच. खरी बातमी भेगा जिथं भेटतात त्या कोपऱ्यात आहे.

पंचगंगेचा पूर ओसरल्यावर घाटाच्या पायऱ्यांवर गाळाचा थर राहतो. दोन-चार दिवस ऊन लागलं की तो तडकतो. वाकून कोपरे बघा. एक लांब भेग सरळ गेलेली आणि दुसरी येऊन तिला काटकोनात भिडलेली, इंग्रजी टी सारखी. कारण पहिली भेग पडली की तिच्या कडेचा ताण एका बाजूनं सुटतो. मागून येणाऱ्या भेगेला उरलेल्या ताणाच्या दिशेनं जावं लागतं, आणि ती काटकोनातच येऊन थांबते. गाळ एकदाच ओला होऊन एकदाच वाळला, तर नक्षी अशी चौकोनी-बिचौकोनी राहते.

आता तोच गाळ पुन्हा भिजवा, पुन्हा वाळवा. मी हे एका मार्चमध्ये गच्चीवर केलं. स्वयंपाकघरातली जुनी परात, त्यात नदीकाठची काळी माती चाळून, दोन बोटं जाडीचा थर. संध्याकाळी झारीनं हलकं पाणी द्यायचं, पुढचे दोन-तीन दिवस ऊन, की परत पाणी. माती हलवायची नाही, ही एकच अट. घरात ‘परात परत कधी मिळणार’ ही विचारणा रोजची. पहिल्या वेळी सगळे कोपरे टी. भेगा दर वेळी जुन्या जागीच उघडतात, कारण ती जागा कच्ची राहिलेली असते, पण आधी कोणती उघडायची हा क्रम बदलत जातो. त्यामुळं काटकोनात येऊन थांबलेला कोपरा दर खेपेला थोडा थोडा सरकतो. दहाव्या-बाराव्या खेपेपर्यंत बरेच कोपरे वाय सारखे झाले होते, तीन भेगा साधारण सारख्या कोनात भेटणाऱ्या. तीन सारखे कोन म्हणजे प्रत्येकी १२० अंश, आणि १२० अंशांचे कोपरे जोडत गेलात तर षटकोन होतो.

मंगळावरचे ते कोपरे वाय आहेत. म्हणजे साडेतीन अब्ज वर्षांहून जुन्या त्या चिखलानं ओलं-कोरडं, ओलं-कोरडं अशी पुष्कळ आवर्तनं पाहिलीत. एखादा पूर येऊन गेला असं नव्हे, तर ऋतू असल्यासारखं काहीतरी. क्युरिऑसिटीनं त्याआधी ‘ओल्ड सोकर’ नावाच्या लादीवरही भेगा पाहिल्या होत्या, २०१७ च्या जानेवारीत त्याची बातमी आली. पण वाळणं एकदा झालं की अनेकदा, हे सांगणारे षटकोन नंतरचे.

एखादा हुशार पोरगा इथं हात वर करेल: ‘मॅडम, काळ्या पाषाणातही षटकोनी खांब असतात, तिथं कुठं चिखल होता?’ बरोबर. लाव्हा थंड होतानाही आकसतो, तडकतो आणि षटकोनी खांब होतात. दख्खनचा सगळा दगडच त्या जातीचा. म्हणून नुसत्या आकारावरून पाणी सिद्ध होत नाही. गेल विवरातला खडक गाळाचा आहे आणि षटकोनांच्या कडा मिठासारख्या क्षारांनी, सल्फेटांनी, भरून कठीण होऊन वर आल्यात. पाणी आटताना क्षार मागं राहतात, हे विहिरीच्या पाण्याच्या बादलीला बसलेल्या पांढऱ्या पुटावरून आपल्याला ठाऊक आहे. त्या कडांवरचे सल्फेट ओळखले कुणी? पहिल्या फोटोतल्या टिंबांनी. लेझर तिथंही मारला होता.

पाचवा फोटो ‘चेयावा फॉल्स’ नावाच्या खडकाचा. पर्सिव्हरन्स फेब्रुवारी २०२१ मध्ये जेझेरो विवरात उतरला. जुलै २०२४ मध्ये त्या विवराला पाणी आणणाऱ्या प्राचीन नदीच्या पात्रात त्याला हा मीटरभर लांबीचा लालसर खडक भेटला. त्यावर मिलिमीटरच्या मापाचे फिकट ठिपके, प्रत्येकाला काळी किनार. नासावालेच त्यांना बिबट्याचे ठिपके म्हणतात. सगळ्या पाचांत गाजावाजा कशाचा व्हायला हवा होता तर याचा. पण दार जास्त फिरलं.

लोहाला ऑक्सिजन मिळाला की ते लाल होतं, जांभ्यासारखं. तोच ऑक्सिजन कुणी काढून घेतला की लाली जाते. गगनबावड्याच्या रस्त्याला दरड कापलीय तिथं जांभ्याखालच्या लाल चिकणमातीत फिकट डाग दिसतात. नीट बघा, पुष्कळ डागांच्या मधोमध कुजलेलं मूळ असतं किंवा ते जिथं होतं ती बारीक नळी. मुळाजवळ कुजणं चालू असतं, सूक्ष्मजीव लोहाशी देवाणघेवाण करतात, लोह विरघळून सरकतं आणि मूळ असलेली जागा पांढुरकी पडते. मंगळावर मुळं नव्हती. पण त्या ठिपक्यांच्या किनारीत लोह आणि फॉस्फेट एकत्र असलेलं व्हिव्हियानाइट आणि आतल्या भागात लोह-गंधकाचं ग्रेगाइट या खनिजांच्या खुणा मिळाल्यात, आणि त्याच चिखलाच्या दगडात सेंद्रिय कार्बनही. पृथ्वीवर ही खनिजं अनेकदा सूक्ष्मजीवांच्या कामातून तयार होतात. जीव नसतानाही होऊ शकतात. सप्टेंबर २०२५ मध्ये यावरचा शोधनिबंध आला, तोही ‘जीवसृष्टीची संभाव्य खूण’ इथंच थांबतो. या ‘संभाव्य’वर काही जण नाक मुरडतात. मला तो शब्द योग्य वाटतो. मी एकदा मुरमावर हिमनदी पाहिलेली आहे.

मंगळावरच्या उपकरणांनी याहून पुढं जाता येत नाही. त्या खडकातून काढलेली एक कांडी नळीत बंद करून रोव्हरच्या पोटात ठेवलीय, नाव ‘सफायर कॅनियन’. या कांड्या असतात तुमच्या हातातल्या खडूएवढ्या. मुलांना खडू दाखवूनच सांगा. ती कांडी पृथ्वीवर आणून कापून, घासून, सूक्ष्मदर्शकाखाली धरायला हवी.

तोवर पावसाळा संपला की मुलांना घेऊन गगनबावड्याला या, मी येतो सोबत. लाल दरडीतले फिकट डाग दाखवतो. येताना प्रत्येकाला एक भिंग आणि एक पट्टी आणायला सांगा. पट्टीशिवाय कुणी फोटो काढायचा नाही.